घाम कोणी गाळला आणि जर्नल कोणी लिहिलं: 'माजी खेळाडू' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'माजी खेळाडू',

(खरं नाव लिहायची हिंमत केली असतीत तर नावानेच हाक मारली असती. असो.)

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या 'पेपर क्लास' प्रकरणावर मी गेल्या महिन्यात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी चहा घेताना वाचली. चहा गार झाला. प्रतिक्रियेत काही मुद्दे आहेत आणि एक वाक्य आहे. मुद्द्यांकडे येतोच, आधी ते वाक्य: "ज्यांनी आयुष्यात मैदानावर घाम गाळला नाही अशा पुस्तकी किड्यांनी एसीत बसून खेळाडूंच्या मार्कांचा हिशोब मांडू नये."

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. चॅपल हिलच्या या विद्यापीठात आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं असे वर्ग चालू होते जे कधी भरतच नव्हते. व्याख्यान नाही, हजेरी नाही, सत्राच्या शेवटी एक निबंध आणून द्यायचा. तो बहुतेक वेळा तपासायच्या विभागाच्या कचेरीतल्या डेबोरा क्राऊडर. सुरुवात आणि शेवट चाळायचा, पानं पुरेशी आहेत ना बघायचं, आणि ए नाहीतर बी देऊन टाकायचा. विभागप्रमुख ज्युलियस न्यांगोरो यांच्या नावावर वर्ग, आणि खपून गेलं. विद्यापीठाने चौकशीला नेमलेले वकील केनेथ वेनस्टीन यांच्या 2014 च्या अहवालाने 3,100 हून जास्त विद्यार्थी मोजले.

तुमचा एक मुद्दा शंभर टक्के मान्य. क्राऊडर बाईंना मी 'प्राध्यापिका' म्हटलं होतं, त्या प्राध्यापिका नव्हत्या. विभागाचं कामकाज सांभाळणाऱ्या कर्मचारी होत्या. चूक माझी, दुरुस्त केली आहे. आता कचेरीतल्या बाई पदवीचे निबंध तपासत होत्या म्हटल्यावर प्रकरण सौम्य कसं होतं, हे तुम्हीच जाणे.

आता घामाचं बोलू.

मी खो-खो खेळलोय. कॉलेजकडून तीन वर्षं, विद्यापीठाकडून एक वर्ष. मॅटवर नाही महाशय, मातीवर. खांबाला सूर मारताना कोपराची कातडी जायची, त्यावर हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच सूर. डाव्या गुडघ्यावरचा व्रण अजून आहे, पावसाळ्यात ठणकतो. फोटो टाकणार नाही. तुमच्यासाठी पँट वर करून दाखवायची माझी तयारी नाही. पण 'पुस्तकी किडा'? मला? आमच्या रेक्टरांनी हे ऐकलं असतं तर ते हसून खुर्चीवरून पडले असते.

आणि तुम्ही विषय काढलाच आहे तर लेखात लिहिलं नव्हतं ते सांगतो. एस.वाय.ला आमचं सराव शिबिर आणि फिजिक्सची प्रॅक्टिकल एकदमच आली. मी जवळजवळ महिनाभर लॅबमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. माझं जर्नल माझ्या रूममेटने लिहिलं. त्याची स्वतःची रीडिंग्ज शेवटच्या आकड्यात थोडी इकडेतिकडे करून, निळ्या शाईत, आकृत्यांसकट. सरांनी जर्नल उघडलं, अक्षर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही ठोकली. म्हणाले, "जा, मॅच मारून या." परीक्षेत मला केटर्स पेंड्युलम आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हा उलटा करून पुन्हा का टांगायचा? मी पेंड्युलमकडे बघतोय, पेंड्युलम माझ्याकडे. तेवढ्यात आमचे सर मागून म्हणाले, "खो-खोचा मुलगा आहे सर, विद्यापीठाकडून खेळतो." परीक्षक हसले. "अरे वा, मग पळ!" मी पळालो. निकाल लागला तेव्हा मला रूममेटपेक्षा चार मार्क जास्त होते.

त्या दिवशी कोणालाही आपण काही चोरतोय असं वाटलं नव्हतं. सरांना वाटलं पोराचं वर्ष वाचलं, मला वाटलं सर देवमाणूस. रूममेटला काय वाटलं ते मी विचारलं नाही. लोलकाचं उत्तर मला खूप नंतर, मुलीला शिकवताना कळलं: दोन्ही टोकांवरून टांगून दोलनकाल सारखा आला की मधलं अंतर मोजून गुरुत्वत्वरण निघतं. दहा मिनिटांची गोष्ट होती. ती मला कोणी शिकवली नाही, कारण मी खेळाडू होतो.

म्हणून क्राऊडर बाईंबद्दल वाचताना मला तिरस्कार वाटला नाही, ओळख पटली. अहवालात म्हटलंय की त्या स्वतः तिथेच शिकल्या, विद्यार्थी असताना आपल्याला कोणी आधार दिला नाही अशी त्यांची भावना होती, आणि अडलेल्या मुलांची त्यांना दया यायची. बाई दुष्ट नव्हत्या. आमचे सरही नव्हते. फरक एवढाच की आमच्या सरांची दया एका जर्नलपुरती होती. तिकडे दयेचा कारखाना निघाला, आणि खेळाडूंच्या अभ्यासावर लक्ष ठेवायला नेमलेले सल्लागार तिथे मुलं पाठवत राहिले. 2009 मध्ये बाई निवृत्त झाल्या तेव्हा या सल्लागारांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकांपुढे चक्क एक स्लाइड ठेवली: ज्या वर्गांना जावं लागत नव्हतं, टिपणं काढावी लागत नव्हती, जागंसुद्धा राहावं लागत नव्हतं, ते वर्ग आता उरलेले नाहीत. प्रशिक्षकांना धोक्याची सूचना म्हणून! हे एसीत बसून मी रचलेलं नाही, अहवालात आहे. वाचायची सवय असेल तर वाचा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, तरी.

"निम्म्याहून जास्त विद्यार्थी खेळाडू नव्हतेच." बरोबर. या वर्गांतल्या नोंदणीत खेळाडू 47.6 टक्के होते. आणि सगळ्या विद्यार्थ्यांत? चारेक टक्के. गणित तुम्हीच करा, मी फिजिक्समध्ये पळून पास झालोय.

"एनसीएएने 2017 मध्ये विद्यापीठाला निर्दोष सोडलं, हे तुम्ही लपवलंत." (एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम बघणारी संस्था.) लपवलं नाही, राहून गेलं, लिहायला हवं होतं हे खरं. पण 'निर्दोष' हा शब्द तुमचा. एनसीएएच्या समितीचं म्हणणं एवढंच की वर्ग सगळ्यांनाच खुले होते, त्यामुळे खेळाडूंना खास लाभ मिळाला असं नियमात बसवता येत नाही. आणि तेच विद्यापीठ मान्यता देणाऱ्या संस्थेपुढे याला शैक्षणिक फसवणूक म्हणून आलं होतं, तिथे 2015 मध्ये वर्षभराचं प्रोबेशनही भोगलं होतं. एनसीएएपुढे मात्र तो शब्द चुकून पडला म्हणे. आमच्या गल्लीतलं पोरही आई आणि शेजारीण यांना इतक्या वेगळ्या गोष्टी सांगत नाही.

खेळाडूंना शिकवणाऱ्या तिथल्या कर्मचारी मेरी विलिंगहॅम यांनी दिलेल्या, खेळाडूंच्या वाचनक्षमतेच्या आकड्यांवर विद्यापीठाने आक्षेप घेतला होता, हे मला माहीत आहे. मी आकडे दिले, आक्षेप दिला नाही. ठीक.

"खेळाडू गुन्हेगार नाहीत, त्यांचीच फसवणूक झाली." अहो, मग मी वेगळं काय म्हणतोय? लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचलात का? (तो थोडा संदिग्ध झालाय असं आणखी दोघांनी कळवलंय, पण त्यांनी ते नीट शब्दांत कळवलं.)

"आधी आपल्याकडचे खेळाचे वाढीव मार्क आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रं बघा." बघेन. तो वेगळा लेख आहे, आणि तो कसा लिहायचा हे प्रतिक्रियेत शिकवू नका.

तुमची मूळ प्रतिक्रिया काढलेली नाही, शुद्धलेखनाच्या चुकांसकट जशीच्या तशी ठेवली आहे. दुसरी, रात्री सव्वाबाराला आलेली, प्रकाशित करणार नाही. तिच्यात माझ्या घरच्यांचा काय संबंध ते मला कळलं नाही. तुम्ही कुठला खेळ खेळलात, कुठल्या वर्षी आणि तुमचं जर्नल कोणी लिहिलं, एवढं कळवलंत तर तिसरी जरूर छापेन.