बाईनं राज्य बुडवलं म्हणणाऱ्यांनी आधी तारखा बघाव्यात

"स्त्रीच्या हाती सत्ता गेली की राज्य बुडते, इतिहास साक्षी आहे" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. ताराबाई, रझिया, क्लिओपात्रा, फ्रान्सची मारी आंत्वानेत, चीनची राजमाता त्सिशी, झाशीची राणी अशी नावं त्यात आहेत. प्रत्येकीपुढे एका ओळीत "राज्य बुडवले" असा शेरा आहे. आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलंय ते तळाशी येतं: "म्हणून पंचायतीला महिला राखीव जागा आली तर नाव बाईचे ठेवा, कारभार घरच्या पुरुषाने बघावा." आमच्या तासगावच्या आत्तींनी तो हात जोडलेल्या चित्रासकट पुढे पाठवला. त्यांच्याच सुनेचं नाव राखीव वॉर्डासाठी चर्चेत आहे. म्हणून एवढं सविस्तर लिहावं लागतंय.

मेसेजमधला सगळ्यात संतापजनक मुद्दा ताराबाईंचा. "ताराबाईच्या हट्टाने मराठी राज्य दुबळे झाले." हे साताऱ्यात बसून, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहून कुणी लिहू शकतं याचंच नवल वाटतं.

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा काय परिस्थिती होती? संभाजीराजांची हत्या होऊन अकरा वर्षं झालेली. रायगड १६८९ सालीच गेलेला. येसूबाई आणि शाहूराजे मोगलांच्या कैदेत. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला, आणि हा वेढा डिसेंबर १६९९ पासून चालू होता. बादशहाचा तळ करंज्याला, शहजादा आझमचा शहापूरच्या अंगाला. किल्ल्यावर प्रयागजी प्रभू लढत होते. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्यानं तट आत कोसळला आणि किल्ल्यावरची माणसं गाडली गेली. दुसऱ्याचा ढिगारा बाहेर, चढाईसाठी दबा धरून बसलेल्या मोगल सैन्यावरच पडला आणि त्यांचे सुमारे दोन हजार लोक मेले. तरी राजा गेल्याची बातमी आलेली, दाणागोटा संपत आलेला, म्हणून त्याच महिन्यात किल्ला द्यावा लागला. बादशहानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं.

या घडीला कारभार हाती घेतला तो राजारामांच्या राणी, पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची ही लेक. हंबीरराव वाईच्या लढाईत पडले होते. मुलगा लहान, राजधानी हातची गेलेली, खजिना नाही, आणि समोर हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी फौज. राज्य आधीच गळ्यापर्यंत पाण्यात होतं. ते बाईनं बुडवलं म्हणायचं असेल तर निदान बाई गादीशी येण्यापूर्वीची वर्षं तरी बघा.

पुढच्या सात वर्षांत काय झालं? औरंगजेबानं किल्ले घेतले हे खरं. परळी म्हणजे सज्जनगड १७०० मध्ये, पन्हाळा १७०१, विशाळगड १७०२, सिंहगड १७०३, राजगड आणि तोरणा १७०४. यादी बघून मराठे हरत होते असं वाटेल, पण हे किल्ले कसे गेले ते बघायला हवं. जड तोफा सह्याद्रीत चढवायला महिनोन्‌महिने लागत. मोगलांच्या छावणीला धान्य वंजाऱ्यांच्या तांड्यांवरून येई, आणि ते तांडे वाटेत मराठ्यांच्या तुकड्या मारत. किल्लेदार पावसाळा जवळ येईपर्यंत झुंज लांबवी, मग रोख रक्कम आणि हत्यारांसकट सुखरूप वाट मागून किल्ला खाली करी. यादीतल्या तोरण्यासारखा एखादाच किल्ला लढून घेतला गेला. पावसात मोगल फौज घाटात अडके, जनावरं मरत. परळी घेऊन निघाल्यावर त्याच वर्षी माण नदीकाठी खवासपूरला त्यांची छावणी रात्रीच्या पुरात सापडली. पळापळीत खुद्द बादशहाचा गुडघा दुखावला आणि पुढे तो जन्मभर लंगडत चालला. मुख्य फौज पुढे गेली की मागे राहायची थोडी शिबंदी आणि रिकामी कोठारं. मग मराठे परत येऊन किल्ला घेत. सातारा असाच काही वर्षांत परत आला.

आणि ताराबाई नुसता बचाव करत बसल्या नाहीत. युद्ध मोगलांच्याच मुलखात गेलं, माळवा-गुजरातेत. १७०६ साली धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरला मोगल फौज मोडली. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब भिंगारच्या छावणीत मेला, तेव्हा ज्या राज्याचा बीमोड करायला तो पंचवीस वर्षं दक्षिणेत मुक्काम ठोकून होता ते राज्य नर्मदेपलीकडे हात पोचवत होतं.

हे आपल्या माणसांनी कौतुकानं लिहिलंय असं म्हणाल, म्हणून साक्ष शत्रूकडची देतो. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, मराठ्यांबद्दल बोलताना त्याची जीभ नेहमी तिखट. त्यानं ताराबाईंबद्दल लिहिलंय त्याचा मतलब असा: तिनं बादशाही मुलूख मारण्याची जोरदार तजवीज केली, दख्खनच्या सहाही सुभ्यांत आणि थेट माळव्यातल्या सिरोंज-मंदसोरपर्यंत फौजा धाडल्या, सरदारांची मनं जिंकून घेतली, आणि बादशहाच्या अखेरीपर्यंत इतक्या मोहिमा, इतके वेढे होऊनही मराठ्यांचं बळ दिवसेंदिवस वाढतच गेलं. मेसेज लिहिणाऱ्यानं या एका साक्षीला उत्तर द्यावं, बाकीचं मग बोलू.

आता मान्य करायचं ते मान्य करतो. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या हे खरं. शाहूराजांना तोतया ठरवून ताराबाईंनी खेडला लढाई दिली, हेही खरं. १७५० मध्ये त्यांनी छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. ज्याला आपणच नातू म्हणून पुढे आणलं त्यालाच पुढे खोटा ठरवलं. त्या प्रकरणानं छत्रपतींच्या गादीची जी उरलीसुरली पत होती ती गेली, आणि याचं समर्थन करता येत नाही. पण दोन गाद्यांची पाचर कुणी मारली? बाप मेल्यावर तख्तासाठी उत्तरेकडे निघालेल्या आझमनं १७०७ साली वाटेत शाहूराजांना मुद्दाम सोडलं, मराठ्यांत दुफळी पडावी म्हणून. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं. त्या १७१९ ला सुटल्या, कैदेत जाऊन तीस वर्षं होत आली तेव्हा. त्यांनी तर रायगडावर स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राजारामांना पुढे केलं होतं आणि त्यांना गडाबाहेर काढून राज्य वाचवलं होतं. मेसेजमध्ये येसूबाईंचं नावच नाही.

शिवाय सातारचं राज्य बुडालं कधी? प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनीनं पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांचे भाऊ शहाजी १८४८ ला वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा केलं. डलहौसीनं दत्तक नाकारून गिळलेलं पहिलं मोठं संस्थान आपलंच. तेव्हा गादीवर कुणी बाई नव्हती. पेशवाई १८१८ ला संपली तेव्हाही कारभार दुसऱ्या बाजीरावांकडे होता. यावरून "पुरुष गादीवर बसला की राज्य बुडते" असा मेसेज कुणी केला नाही, करूही नये.

झाशीचंही तेच. गंगाधरराव १८५३ मध्ये गेले, १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणीनं १८५७ मध्ये कारभार हाती घेतला तो गेलेल्या राज्याचा. ही तीन सालं कुठल्याही शाळेच्या पुस्तकात मिळतात.

इथंच या सगळ्या यादीची मेख आहे. गादीवर धडधाकट वारस असताना जुन्या काळात बाईला कुणी गादी दिली नाही. राजा मेलेला, मुलगा अज्ञान, शत्रू दाराशी, घरात भाऊबंदकी, अशा वेळीच ती तिच्याकडे आली. त्यामुळे बुडतं राज्य आणि बाई एका चित्रात दिसतात. मेसेजवाल्यानं त्यातून कार्यकारणभाव उलटा काढला. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून दवाखान्यानं आजार होतो म्हणण्यासारखं हे आहे.

क्लिओपात्रा घ्या. तिच्या बापाला गेलेलं तख्त इसवी सनापूर्वी ५५ मध्ये रोमन फौजेनं परत बसवून दिलं, तेही प्रचंड पैशांच्या बोलीवर. इजिप्त तेव्हाच रोमचं ओशाळं झालं होतं. गादीवर आल्यावर तिनं २१ वर्षं ते स्वतंत्र ठेवलं.

रझिया १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर होती. बाप इल्तुतमिशनं मुलांना डावलून तिचं नाव पुढे केलेलं, पण अमिरांनी आधी तिच्या भावाला बसवलं. त्याच्यानं सहा-सात महिनेही निभलं नाही. तिला काढून ज्या दुसऱ्या भावाला आणलं त्याच्याच काळात, १२४१ ला, मंगोलांनी लाहोर उद्ध्वस्त केलं. त्या काळचा इतिहासकार मिन्हाज-ए-सिराज यानं लिहून ठेवलंय की राजाला हवेत ते सगळे गुण तिच्यात होते, पण ती पुरुष म्हणून जन्मली नाही, मग त्या गुणांचा उपयोग काय. दोष कशाचा होता ते त्यानंच सांगितलं.

मारी आंत्वानेत राज्यकर्ती नव्हतीच. फ्रान्सच्या कायद्यानं बाईला तख्ताचा वारसा मिळतच नसे. ती राजाची बायको. "पाव नाही तर केक खा" हे तिच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य फ्रेंच विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रात "एका थोर राजकन्येच्या" तोंडी आहे, नाव दिलेलं नाही, आणि तो मजकूर लिहिला गेला तेव्हा ही पोर व्हिएन्नात आईच्या घरी होती.

त्सिशीबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं तथ्य आहे. १८९८ च्या सुधारणा तिनं चिरडल्या आणि १९०० मध्ये परक्यांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडखोरांच्या भरीला पडून परकी सत्तांशी युद्ध पुकारलं. चीनवर ४५ कोटी तैल (चिनी वजनाचं माप) चांदीचा दंड बसला. हे तिचंच पाप. पण अफूचं पहिलं युद्ध चीन १८४२ ला हरला होता आणि तायपिंग बंडानं १८५० पासून देश पोखरला होता. ती सत्तेत आली १८६१ ला.

"एकही देश बाईच्या राज्यात वाढला नाही" या ओळीवर फार वेळ घालवायची गरज नाही. पहिली एलिझाबेथ ४४ वर्षं, रशियाची दुसरी कॅथरीन ३४, ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा ४०, महेश्वरच्या अहिल्यादेवी २८. कॅथरीनच्या काळात क्रिमिया रशियाला जोडला गेला आणि पोलंडचे लचके तोडले गेले. तिच्या भूदासांचे हाल वाढले, हेही नोंदवलं पाहिजे. बाई म्हणून राज्य हळुवार होतं असंही नाही. दर मार्चमध्ये जो उलटा मेसेज येतो, की बायका सत्तेत असत्या तर युद्धं झाली नसती, तोही तितकाच खोटा.

आता तो तळाचा सल्ला. नाव बाईचं, कारभार पुरुषाचा. बाकी सगळा चुकीचा इतिहास आहे, हा सल्ला मात्र उद्या गावात प्रत्यक्ष नुकसान करणारा आहे.

पंचायतीतलं महिला आरक्षण ७३ व्या घटनादुरुस्तीनं आलं, एप्रिल १९९३ पासून. तेव्हा एक तृतीयांश, महाराष्ट्रात २०११ पासून निम्मं. याचा परिणाम मोजलेला आहे. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर द्युफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ ग्रामपंचायती तपासल्या. २००४ ला तो अभ्यास छापून आला, द्युफ्लोंना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कुठल्या पंचायतीला आरक्षण यायचं हे गाव बघून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे राखीव आणि खुल्या पंचायतींची तुलना सरळ होते. त्यात दिसलं की बाई प्रमुख असेल तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, कारण गावातल्या बायकांच्या तक्रारींत पाणी वर होतं. राजस्थानात पुरुषांची जास्त मागणी रस्त्यांची होती, तिथं रस्त्यांचा खर्च थोडा घटला. या बाया पुरुष प्रमुखांपेक्षा कमी शिकलेल्या होत्या, पहिल्यांदाच आलेल्या होत्या, अनेकींना नवऱ्याची मदत लागत होती. तरीही खर्चाचा रोख बदलला. जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या माणसाला पाण्यावर खर्च म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

"सही तेवढी बाईची" हे कायद्यात बसत नाही, आणि त्यात अडकते तीच. ग्रामनिधीचा चेक सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या दोघांच्या सहीनं निघतो. वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन, डिजिटल सहीनं जातात. त्या सहीचा डोंगल (संगणकाला लावायची छोटी किल्ली) नवऱ्याच्या खिशात आणि पासवर्ड ऑपरेटरच्या वहीत असला की काम न होता बिल निघतं आणि वसुलीची नोटीस बाईच्या नावानं येते. नवरा कागदावर कुठेच नसतो.

आत्तींच्या सुनेनं, आणि उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीनं, निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात पुढच्या गोष्टी कराव्यात. सगळी बँक पासबुकं भरून घ्यावीत आणि कॅशबुकशी ताडून बघावीत. सरपंच असाल तर डोंगल स्वतःच्या ताब्यात घेऊन पासवर्ड बदलावा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) किती आणि अबंधित किती हे लेखी मागावं. पंधराव्या आयोगात ६० टक्के बंधित होता, अर्धा पाण्याला, अर्धा स्वच्छतेला, आणि "पैसेच नाहीत" हे उत्तर बहुतेकदा इथंच उघडं पडतं. मासिक सभेचं इतिवृत्त सभा संपताच वाचून, मधे कोरी जागा नाही हे पाहून मगच सही करावी, कारण नंतर घुसडलेला ठराव याच जागेत बसतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती नुसती सह्यांच्या कागदावर उरकली जाते, तसं होऊ देऊ नये. तिथले ठराव ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. आणि सभेला सरपंचाच्या खुर्चीवर सरपंचानंच बसावं.