मातीतली कुस्ती संपली म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. ‘मातीतल्या कुस्तीचे दिवस संपले’ अशी त्याची सुरुवात आहे आणि खाली पाच कारणं दिली आहेत. राजाश्रय गेला तेव्हाच कुस्ती मेली. मातीत घडलेला पैलवान मॅटवर टिकत नाही. तालमीत आता पोरंच येत नाहीत. खुराक गरिबाला परवडत नाही. पैलवानकीनं पोट भरत नाही. आणि शेवटी सल्ला: जत्रेतली करमणूक म्हणून राहील तेवढी राहू द्या, तिच्यावर पैसा घालवू नका. हा मजकूर बाहेरच्यांनी पाठवला असता तर सोडून दिला असता. पण तो कोल्हापूरकरच एकमेकांना पाठवताहेत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिला मुद्दा राजाश्रयाचा. शाहू महाराजांचं ऋण मोठं आहे, त्यात वादच नाही. ते स्वतः मातीत उतरणारे राजे होते. १९०२ च्या विलायतेच्या दौऱ्यात रोमचं जुनं प्रेक्षागार त्यांनी पाहिलं आणि त्या धर्तीवर खासबागेचं मैदान बांधून घेतलं. १९१२ मध्ये ते खुलं झालं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, स्पष्ट दिसावा अशी त्याची उतरती रचना आहे. पण महाराज १९२२ मध्ये गेले आणि १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. मग कुस्ती तेव्हाच मेली असेल, तर पुढचं सगळं कुणी केलं?

खाशाबा जाधवांचंच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान उरलेलं नव्हतं. पैसे कमी पडले, तर प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि बाकीची वर्गणी लोकांनी दिली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक राजाश्रय संपल्यानंतर, एका मास्तराच्या घरावर आणि गावच्या वर्गणीवर आलेलं आहे. पुढे १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी या देशपातळीवरच्या किताबाचे मानकरी झाले, १९६० मध्ये गणपतराव आंदळकर झाले. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. राजाची जागा यात्रा कमिट्यांनी, साखर कारखान्यांनी आणि पेठेतल्या मंडळांनी घेतली. वारणानगरला डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला कुस्त्यांचं मैदान भरतं, कागलचा शाहू कारखाना मॅटवरच्या स्पर्धा घेतो. चैत्रापासून यात्रांचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या तालुक्यांत हलगी वाजायची थांबत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यांत जास्त पटवून दिला जातो, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबतो. मातीतला पैलवान मॅटवर चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी खाशाबांचीच कहाणी पुन्हा वाचावी. मॅटवर ते पहिल्यांदा लढले ते लंडनला, आणि तिथे सहावे आले. चार वर्षांनी त्याच मॅटवर कांस्यपदक. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने, दोघांनीही सुवर्ण आणलं. मोतीबाग तालमीच्या दादू चौगुलेंनी १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. ही सगळी माणसं मातीतली.

‘ती जुनी गोष्ट झाली’ असं यावर कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. आजची मॅटवरची कुस्ती वेगळी आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक पकडीचा गुण, पाठ मॅटकडे वळली की दोन गुण गेले, पाय वर्तुळाबाहेर पडला की एक गुण गेला. मातीत पाय रुततो, त्यामुळे हालचाल संथ पण ताकदीची होते. तिथे पैलवान कब्जात सापडला तरी पोट मातीला लावून तग धरू शकतो, समोरच्याचा दम काढू शकतो आणि पंधरा मिनिटांनीही ढाकेच्या एका डावावर कुस्ती फिरवू शकतो. मॅटवर तेवढा वेळ कुणी देत नाही. विशीपर्यंत फक्त मातीत राहिलेल्या पोराला मॅटवर अडखळायला होतं, हे कुठलाही प्रामाणिक वस्ताद मान्य करेल.

पण यातून निघतं ते एवढंच, की पोराला लहानपणापासून दोन्हींची सवय हवी. माती टाकून द्यावी, असं यातून कुठेच निघत नाही. मानेची आणि कमरेची ताकद, पकडीचा घट्टपणा, पडताना अंग सोडायची सवय, दमसास, हे मातीत जसं मुरतं तसं इतरत्र मुरवणं कठीण आहे. बीडचा राहुल आवारे मातीतून वर आला आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. पन्हाळ्याच्या देवठाण्याचा पृथ्वीराज पाटील २०२१ मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत मॅटवर कांस्यपदक जिंकला आणि पुढच्याच वर्षी साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची गदा त्यानं एकवीस वर्षांनी कोल्हापूरला आणली. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग आहेत आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. ज्यांनी ही रचना केली त्यांना माती आणि गादी एकत्र नांदू शकतात हे कधीच कळलेलं होतं.

आता पोरांचा मुद्दा. पेठेतली पोरं कमी झाली, हे खरं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींचीच नावं, पण आज ती कानावर पडतात ती फुटबॉलच्या सामन्यांत. शिवाजी पेठेतला किंवा मंगळवार पेठेतला मुलगा पहाटे लंगोट लावण्यापेक्षा संध्याकाळी बूट घालणं पसंत करतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, तेही मैदानच आहे.

पण तालमी त्यामुळे ओस पडल्या का? गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, यांपैकी कुठल्याही तालमीत पहाटे डोकावून बघा. जोर-बैठका मारणारी पोरं सोलापूर, लातूर, बीड, धाराशिवहून आलेली असतात. कुणाचा बाप ऊसतोडीला जातो, कुणाचा हमाली करतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी जिंकलेला सिकंदर शेख मोहोळचा, पण घडला गंगावेश तालमीत. म्हणजे कोल्हापूरची कुस्ती पेठेपुरती राहिली नाही, तिचं शिवार वाढलं. शहरातला माणूस आपल्या गल्लीतली रिकामी तालीम बघतो आणि कुस्ती गेली म्हणतो. चार गल्ल्या पलीकडे एका खोलीत आठ-दहा पोरं वळकटी टाकून राहतात, ती त्याला दिसत नाहीत. पहाटे चारला उठायचं, वस्तादाच्या देखत मेहनत करायची, हौदा खणून माती सारखी करायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची, थोरल्या पैलवानाची मालिश करायची, स्वतःच्या हातानं भाकरी करायची. ही शिस्त ज्यांनी स्वीकारली त्यांना ‘पोरंच येत नाहीत’ हे वाक्य ऐकवू नये.

आणि पोरी! वडणग्याची रेश्मा माने आंतरराष्ट्रीय मॅटवर खेळली, ती याच जिल्ह्यातली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती प्रतीक्षा बागडीनं जिंकली. ज्या तालमीत बाईमाणसाला उंबरा ओलांडू देत नव्हते, त्या परंपरेत हे घडतंय. मरायला टेकलेल्या खेळात नवी माणसं अशी आत येत नाहीत.

खुराकाबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. बदाम, तूप, दूध, अंडी, मटण, थंडाई, सगळंच महागलं आहे. गावाकडून एसटीनं येणारा दुधाचा डबा अनेक पैलवानांचा आधार आहे आणि घरची म्हैस विकली गेली की पोराची तालीम सुटते, असंही होतं. करोनाच्या काळात यात्रा बंद पडल्या, इनाम थांबलं, तेव्हा किती तरी पैलवान मिळेल त्या रोजंदारीवर गेले. पण खेळाडू उपाशी आहे म्हणून खेळ संपला असं म्हणायचं, की त्याच्या ताटाची सोय करायची? दत्तक पैलवान घेणारे कारखाने आणि दुकानदार या जिल्ह्यात पूर्वीपासून आहेत. ते वाढवायला हवेत.

पोट भरण्याचा मुद्दा अर्धा खरा. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी आणि राहुल आवारे, दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. पोलीस, सैन्यदल आणि रेल्वेत पैलवानांना वाट आहे. पण ही वाट वरच्या काही जणांची. तिशीत गुडघा गेलेल्या, किताब न मिळालेल्या पैलवानाचं काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून शाळा सोडून तालमीत येऊ नका, दहावी-बारावी करा, हे वस्तादांनी पोराच्या आईबापाला स्पष्ट सांगायला हवं. काही सांगतातही.

मला भीती आहे ती या पाचांपैकी कशाचीच नाही. ज्याचा त्या मजकुरात शब्दही नाही, त्याची आहे. नुरा कुस्ती. इनाम आधीच वाटून घेतलं, अर्धा तास नुसती झटापटीची खडाखडी केली आणि कुस्ती बरोबरीत सोडवली, की वर्गणी देणारा गावकरी पुढच्या वर्षी खिशात हात घालत नाही. दुसरी भीती अंग लवकर फुगवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची. खुराकाला वर्षं लागतात, सुईला महिने पुरतात, आणि पोर तिशीच्या आत संपतं. आणि तिसरी आपल्या बेफिकिरीची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा लगतच्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही आगीनं गाठलं. नाट्यगृहासाठी सगळं शहर हळहळलं, ते योग्यच होतं. मैदानाबद्दल तेवढं कुणी बोललं नाही.

यातल्या पहिल्या दुखण्यावर तरी उपाय गावाच्या हातात आहे. यात्रा कमिटीनं पत्रिका छापतानाच लिहावं की अमुक वेळात कुस्ती निकाली झाली नाही तर गुणांवर लावली जाईल आणि तिथेही कुचराई दिसली तर इनाम मिळणार नाही. काही गावं हे करतात, आणि तिथलं मैदान संध्याकाळपर्यंत हलत नाही. दुसरं, सगळा पैसा पहिल्या कुस्तीवर, बाहेरून आणलेल्या नावावर न उधळता मधल्या जोडींचं इनाम वाढवावं. रेवड्यांच्या, म्हणजे लहान पोरांच्या कुस्तीतून वर आलेलं सोळा-सतरा वर्षांचं पोर त्या इनामावर महिनाभराचं दूध घेतं. यात्रा कमिट्यांच्या यंदाच्या बैठका दिवाळीनंतर सुरू होतील. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी आपापल्या गावच्या बैठकीत जाऊन एवढ्या दोन गोष्टी मांडाव्यात.