मावशी, माझा डीएनए बाळांत उतरत नाहीये

परवा दुपारी मावशीने व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. खाली गुलाबाचं फूल आणि वर "तुझ्यासाठी शोधून काढला गं". शोधून वगैरे काही नाही, हाच मेसेज गेल्या सहा महिन्यांत मला चौघींनी पाठवलाय. मी ४६ वर्षांची आहे, तेहतिसावा आठवडा चालू आहे, पोटात जुळं आहे आणि दोन्ही बाळं दुसऱ्या बाईने दिलेल्या स्त्रीबीजापासूनची आहेत. घरच्यांना हे माहीत आहे, सोसायटीतल्यांना अंदाज आहे. तेव्हा मेसेज माझ्यासाठीच आहे हे खरं.

तो असा: "डोनर एग घेतलेल्या प्रत्येक आईने वाचावे. नऊ महिने तुमचे रक्त बाळाच्या अंगात फिरते व त्यातून तुमचा डीएनए बाळात उतरतो. स्पेनच्या शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले असून बाळ आईसारखेच दिसते. बीज पंचविशीतले, म्हणजे गर्भारपणही पंचविशीतले. वयाची चिंता सोडा. जुळे झाले तर एकाच खर्चात कुटुंब पूर्ण. मात्र मनात एकही वाईट विचार आणू नका, तो बाळावर कोरला जातो. अभिमन्यू आठवा. ११ जणींना पाठवा."

मावशीचा हेतू चांगला आहे, लिहिणाऱ्याचाही असेल. पण डाव्या कुशीवर पडून पडून माझ्याकडे वेळ भरपूर आहे, म्हणून एकेक घेते.

आधी रक्त. आईचं रक्त बाळाच्या अंगात फिरत नाही. वारेत (प्लासेंटात) दोघांची रक्तं अगदी शेजारी येतात, पण मध्ये पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू, साखर, लोह आणि शेवटच्या महिन्यांत आईची रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बाळाकडे जातात, बाळाकडचा कार्बन डायऑक्साइड आणि युरिया परत येतो. सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाला पिशवी देऊन जातो, वर राहायला येत नाही, तसं. थोड्या पेशी मात्र खरंच इकडच्या तिकडे जातात. मुलगा होऊन २७ वर्षं उलटलेल्या एका बाईच्या रक्तात मुलग्याच्या पेशी सापडल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं, आणि आईच्याही काही पेशी मुलात टिकून राहतात. पण पाहुणी म्हणून राहणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव चढणं वेगळं. माझ्या बाळांची निम्मी जनुकं बीज देणारीची, निम्मी माझ्या नवऱ्याची. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातली ३७ जनुकं बीजातूनच येतात, म्हणजे तीही तिचीच. माझा वाटा शून्य. हे वाक्य दोन वर्षांपूर्वी मला लिहिता आलं नसतं.

आता स्पेन. इथे मेसेजवाल्याने खऱ्या गोष्टीचं शेपूट पकडलंय. २०१५ मध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी दाखवलं की गर्भाशयाच्या अस्तरातून स्रवणारा एक सूक्ष्म आरएनए (डीएनएच्या जातकुळीतला रेणू), त्याचं नाव मिर-३०डी, भ्रूण रुजण्याआधी आत घेतो आणि त्यामुळे भ्रूणातल्या काही जनुकांचं काम कमीजास्त होतं. मुख्यतः चिकटून बसण्याशी संबंध असलेल्या जनुकांचं. भ्रूण होते उंदरांचे. यातून नाक आईसारखं होतं असं त्या शोधनिबंधात कुठेही नाही. आईचं शरीर बाळाची जनुकं बदलत नाही, त्यांतली कुठली किती चालावीत यात हात घालू शकतं. बंदिश तीच, ती कशी फुलवायची ते मैफलीवर. उपमा इथपर्यंतच, कारण काही लोक तिच्यावरूनही कोर्स काढतील.

बाळ आईसारखं दिसतं याचं खरं कारण फार साधं आहे. दाता निवडतानाच रक्तगट, उंची, वर्ण जुळवून बघतात. आमच्या समुपदेशक बाईंनी फाइल मिटता मिटता सांगितलं होतं, "कुणाला कळणारही नाही." जणू माझी मुख्य काळजी तीच होती.

पण मेसेजची चीड मला वेगळ्याच कारणाने येते. खोटं सांगताना तो खरं केवढं मोठं आहे तेच झाकून टाकतो, आणि मावशी, ते खरं तुझ्या घरापासून पाच मिनिटांवर, रास्ता पेठेत घडलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, गरोदर व्हायच्या आधीपासून, अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. इथल्या बाळांचं पोट, दंड, सगळं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून लुकडं, आतून मेदाळ. पुढे मधुमेहाला बोलावणारी ही ठेवण जन्मतःच दिसत होती. जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिड) भरपूर आणि बी-१२ कमी होतं त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. आणि ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं जास्त होती त्यांची बाळं आकाराने मोठी. मी पक्की शाकाहारी, बी-१२ची गोळी पूर्वी "नंतर घेऊ" म्हणून फ्रिजवर पडून असायची. हे वाचल्यापासून नाही.

कुणी म्हणेल, त्या गावांतल्या आयांची जनुकंही त्यांच्या बाळांत होतीच, मग कशाचा परिणाम कुठला हे कसं कळणार? रास्त शंका. त्याचं जुनं उत्तर घोड्यांनी दिलंय. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी आडदांड शायर घोडे आणि बुटकी शेटलंड तट्टं यांचा उलटसुलट संकर केला. जनुकांचं मिश्रण दोन्हीकडे तेच, पण शायर आईच्या पोटी आलेलं शिंगरू शेटलंड आईच्या पोटी आलेल्यापेक्षा कितीतरी मोठं. माणसांतही, १९९५ मध्ये डोनर बीजाच्या बाळांचा अभ्यास झाला तेव्हा जन्मवजनाचा संबंध पोटात वाढवणाऱ्या आईच्या वजनाशी लागला, बीज देणारीच्या नाही. आणि हे परिणाम लांबवर जातात. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा नुकत्याच पोटात आलेल्या मुलांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या सापडल्या. एवढं सगळं हातात असताना नाकाचं काय घेऊन बसलात?

पुढचा मुद्दा वयाचा, आणि हा निव्वळ धोकादायक आहे. बीज तरुण असण्याचा फायदा आहे. डाउन सिंड्रोमसारखी जोखीम बीजाच्या वयावर ठरते, पंचेचाळिशीतल्या स्वतःच्या बीजात ती दर तीसेक बाळांमागे एक इतकी असते. ती बरीच उतरली. पण हृदय, मूत्रपिंडं, रक्तवाहिन्या माझ्याच, ४६ वर्षांच्या. शिवाय एरवी बाळ निम्मं तरी आईचं असतं, इथे ते माझ्या शरीराला पूर्ण परकं. डोनर बीजाच्या गर्भारपणात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी चढून आई-बाळ दोघांना धोका करणारा आजार, होण्याचं प्रमाण जास्त आहे, जुळ्यात आणखी जास्त, वयामुळे त्याहून. म्हणून बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची बारकी गोळी, आणि उशाशी बीपीची वही. गेल्या मंगळवारी वहीत १४२/९२ लिहिलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, १४४/९४. डोकं दुखत नव्हतं, डोळ्यांपुढे काजवे नव्हते, बरगडीखाली कळ नव्हती. तरी रिक्षा केली. दोन रात्री ॲडमिट. मेसेजवर विश्वास ठेवला असता तर ऊन लागलं म्हणून पन्हं पिऊन झोपले असते.

गुंटूरला २०१९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या बाईला जुळ्या मुली झाल्या, तेही लोक मला ऐकवतात. त्यानंतर कृत्रिम गर्भधारणेबद्दलचा २०२१ चा कायदा आला आणि बाईसाठी वयाची मर्यादा पन्नाशीच्या आत ठरली. उगाच नाही.

"एकाच खर्चात कुटुंब पूर्ण" यावर थोडक्यात: निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, आणि नवजात अतिदक्षता विभागाचं बिल काचपेटीगणिक येतं. गर्भाशयात दोन भ्रूण सोडायला सही मी केली, डॉक्टर एकच म्हणत होते. तो माझा हट्ट. आज कुणी विचारलं तर एकच सांगेन.

राहिला अभिमन्यू. सातव्या महिन्याच्या आसपास बाळाला ऐकू यायला लागतं, आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखून तोच पसंत करतं हे १९८० मध्ये प्रयोगाने दिसलं. आवाज माझाच, बीज कुणाचंही असो. (पौड रस्त्यावर बसवाल्यांशी भांडताना काढलेला आवाजही त्यातच आला.) चवही पोचते. शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस प्यायलेल्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज कमी तोंडं वाकडी करून खाल्ली. पण एक वाईट विचार "कोरला जातो" हे कुठून आलं? दीर्घ, जीवघेण्या ताणाचा परिणाम होतो, ते खरं. रोजच्या धास्तीसाठी वारेत एक विकर (एन्झाइम) असतं, ते आईच्या कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचा, बराचसा भाग बाळापर्यंत जाण्याआधीच निकामी करतं. ज्या बाईने भ्रूण गर्भाशयात सोडण्याचे चार प्रयत्न फुकट गेल्यावर पाचवा केला, तिला "वाईट विचार नको" सांगणं म्हणजे जे होईल त्याचं खापर आधीच तिच्या डोक्यावर तयार ठेवणं. सुभद्रेला झोप लागली, म्हणून चक्रव्यूहाचा दोषही तिचाच.

आणि या मेसेजमध्ये एक बाई कुठेच नाही. बीज देणारी. कायद्याने ती २३ ते ३५ वर्षांची, आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते. माझ्या बाळांचं एखादं अर्धं भावंड कुठेतरी असेलही, कदाचित शाळेतही जात असेल. माझी बाळं कायद्याने माझीच आहेत, तिचा हक्क राहत नाही. मग तिला पुसून टाकायला माझा डीएनए चोरवाटेने आत कशाला घुसवायचा?

हे सगळं मी मावशीला लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: "बरं. पालेभाजी खातेस ना?"

खातेय, पण शेपू आणू नकोस, वास सहन होत नाही, असं कळवलं. संध्याकाळी ती शेपूचीच भाजी डब्यात घेऊन आली आणि समोर बसून खायला लावली. उजवीकडच्याने लगेच लाथ मारली. डावीकडचं गप्प होतं.