साहेब नसलेल्या ऑफिसातली नजर

नमस्कार काका,

माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेखाली तुम्ही नुसतंच ‘एक निवृत्त हेडक्लार्क’ असं लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. ‘साहेबशाही मोडलेल्या कंपन्यांत माणसावरची नजर जास्त घट्ट होते’ हे माझं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही. उभी नोकरी तुम्ही मस्टरवर सह्या केल्या, लेटमार्क सोसले, साहेबाची मर्जी फिरली की गोपनीय अहवालात काय लिहून जाईल या धास्तीत राहिलात. तुमचा मुलगा हिंजवडीत मॅनेजरला नावाने हाक मारतो, हवं तेव्हा घरून काम करतो. त्याच्यासाठी गळे काढणं म्हणजे सुखवस्तूंचं रडगाणं, असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, मग परत मस्टर आणायचं का?

साहेबाच्या मर्जीबद्दल तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द मला मान्य आहे. मुलाला मिळालेली मोकळीकही खरीच आहे. पण साहेब उठून गेला म्हणजे त्याची खुर्ची रिकामी राहते असं नाही.

जेम्स बार्कर या अमेरिकी अभ्यासकाने सर्किट बोर्ड बनवणाऱ्या एका लहान कंपनीत हे जवळून पाहिलं. १९८८ मध्ये तिथे सुपरवायझर काढून कामगारांच्या स्वतःचा कारभार स्वतः बघणाऱ्या टीम केल्या गेल्या. ग्राहकाला माल वेळेवर द्यायचा, त्यासाठी लागेल तेव्हा जास्त थांबायचं, हे त्या लोकांनी आपसात बसून ठरवलं. मनापासून ठरवलं. पुढे नवे लोक आले, त्यांच्यासाठी तोच ठराव नियम झाला, आणि हजेरीच्या बाबतीत टीम जुन्या सुपरवायझरपेक्षा कडक वागू लागल्या. एकटीने मुलं वाढवणारी एक बाई मुलाच्या आजारपणामुळे अडकली, तर टीमने तिला असं काही सुनावलं की ती तिथेच रडायला लागली. १९९३ मध्ये छापलेल्या या अभ्यासात एका कामगाराचं म्हणणं आहे. त्याचा मथितार्थ असा, की पूर्वी साहेब आसपास नसला की शेजाऱ्याशी गप्पा मारता यायच्या. आता अख्खी टीम भोवती असते आणि अख्खी टीम बघत असते.

काका, हे मला परकं वाटत नाही. आमच्या टीममध्ये एकाच्या वडिलांचं डायलिसिस सुरू होतं. रोज सकाळी स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीला, सगळ्यांच्या कामांचा बोर्ड स्क्रीनवर यायचा आणि त्याच्या नावाचं तिकीट, म्हणजे त्याच्याकडचं काम, तिथेच अडकलेलं दिसायचं. कुणी आवाज चढवला नाही. ‘काही ब्लॉकर?’ म्हणजे काही अडलंय का, एवढंच विचारलं जायचं, आणि तो ‘नाही’ म्हणायचा. मग रात्र जागून त्याने ते तिकीट ‘डन’मध्ये सरकवलं. रजा शिल्लक होती, मॅनेजर भला माणूस होता, मागितली असती तर लगेच मिळाली असती. पण स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यात, किती काम उचलायचं ते टीमनेच ठरवलेलं, त्यामुळे तो थांबला तर भार आमच्यावर येणार. हे त्याला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं. ‘तू घरी जा’ असं आमच्यातलं कुणीही म्हणालं नाही. त्याने दाद मागायची तरी कुणाविरुद्ध?

तुमच्या गोपनीय अहवालाचंच घ्या. सीमा रस्ते संघटनेतले इंजिनिअर देव दत्त यांना एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीला ‘खूप चांगला’ लागत होता. शेरा त्यांना कळवलाच नव्हता आणि बढती हुकली. ते सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं, की नुसता प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध निवेदन करता येईल. हे होऊ शकलं, कारण कागद होता, त्यावर शेरा होता, खाली कुणाची तरी सही होती. तुमच्या पिढीने सोसलेल्या व्यवस्थेत भांडायला निदान समोर कुणीतरी होतं. मला हीच गोष्ट हातची जाऊ द्यायची नाही.

आपुलकीची बाजू तर याहून वाईट. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग केंद्रात कर्मचारी सुट्टीवरून किंवा आजारपणातून परतला की टीम लीडर त्याच्याशी स्वागताच्या गप्पा मारायचे. कुठे गेला होतात, काय झालं होतं, आता बरं आहे ना? घरची भांडणं, धर्मश्रद्धा, आजाराचं निदान, असलं बरंच काही मग नोंदवून ठेवलं जाई आणि पन्नासपर्यंत मॅनेजर ते वाचू शकत. २०१९ मध्ये कॉम्प्युटरच्या एका चुकीमुळे ती माहिती काही तास सगळ्या कंपनीला उघडी पडली, तेव्हा लोकांना कळलं. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी कंपनीला ३.५३ कोटी युरोंचा दंड केला. ‘बरं आहे ना?’ असं विचारणारा साहेब तुम्हाला मिळाला असता तर तुम्ही मोकळेपणाने बोलला असता, मीही बोललो असतो.

तर नाही काका, मस्टर परत नको. पण माणसाबद्दल काय नोंदवलं जातं, कोण वाचतं आणि त्यावर हरकत कुठे घ्यायची, एवढं लेखी असलंच पाहिजे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार नोकरीच्या कारणांसाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरता येते. आणि आपली माहिती बघायला मागण्याचा अकराव्या कलमातला हक्क संमतीशी जोडलेला आहे. म्हणजे संमती न घेता वापरलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. सरकारी नोकराने कोर्टात जाऊन मिळवलेला हक्क तुमच्या मुलाला या कायद्यातून मिळत नाही. काय नोंदवता, कोण वाचतं, हरकत कुठे घ्यायची, हे त्याने कंपनीला लेखी विचारावं असं मला वाटतं, आणि एकट्याने नव्हे, टीममधल्या चार-पाच जणांना सोबत घेऊन.