एकच ठळक बँड पुरेसा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

टीजीएफ-बीटा-1 या वाढघटकाच्या (पेशींच्या वाढीचे नियमन करणाऱ्या प्रथिनाच्या) अँटिबॉडीवरील, म्हणजे त्याला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनावरील, माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. अँटिबॉडी स्वतःच्या नमुन्यावर तपासून मगच वापरावी, हा माझा सल्ला मोठ्या संस्थांना परवडणारा आहे, असे आपल्याला वाटते. नाशिकच्या महाविद्यालयात अँटिबॉडीच्या एका वायलपायी (कुपीपायी) प्रयोगशाळेच्या तरतुदीचा मोठा भाग संपतो, ती मुंबईहून बर्फात येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, आणि शेकडो शोधनिबंधांत वापरल्या गेलेल्या अँटिबॉडीवर संशय घ्यायला लावून मी एमएस्सीच्या मुलांना नाउमेद करतो, असा आपला आक्षेप आहे. चेता-वाढघटक (चेतापेशींची वाढ घडवणारे प्रथिन) शोधणाऱ्या कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांनी अँटिबॉडीची कोणती प्रमाणपत्रे पाहिली होती, असेही आपण विचारले आहे. शेवटी आपल्या विद्यार्थिनीचे उदाहरण आहे: उंदराच्या मूत्रपिंडाच्या ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधण्याच्या चाचणीत) तिला 50 किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचे एकक) एकच स्वच्छ बँड, म्हणजे रेघ, मिळाला.

पैशाचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. ज्या प्रयोगशाळेकडे दुसरी वायल मागवण्याची सोय आहे, तिला चुकीचा बँड परवडतो. ज्या विद्यार्थ्याचा संपूर्ण प्रबंध एकाच वायलवर उभा आहे, त्याला तो परवडत नाही. प्रवासातील उष्म्याची काळजी मात्र आपण थोडी जास्त करता. शुद्ध आयजीजी (रक्तातील सर्वांत सामान्य प्रकारची) अँटिबॉडी बऱ्यापैकी चिवट असते आणि वाटेत बर्फ वितळला म्हणून ती सहसा वाया जात नाही. पुन्हा पुन्हा गोठवणे आणि वितळवणे तिला अधिक बाधते, आणि त्यावर लहान भाग करून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

शोधनिबंधांच्या संख्येबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपला खरा भरवसा तिच्यावर आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत 65 प्रथिनांविरुद्धच्या 614 विक्रीतल्या अँटिबॉडी त्या-त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या पेशींवर पारखल्या गेल्या. त्यांपैकी अपेक्षित प्रथिन न ओळखणाऱ्या अँटिबॉडीसुद्धा दर प्रथिनामागे सरासरी 12 शोधनिबंधांत वापरल्या गेलेल्या आढळल्या. टीजीएफ-बीटाच्याच कुळातील जीडीएफ-11 चा वाद तर अधिक बोलका आहे. या घटकाचे रक्तातील प्रमाण वयानुसार घटते आणि तो बाहेरून दिल्यास म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयाची वाढलेली जाडी कमी होते, असे 2013 साली मांडले गेले. 2015 साली दुसऱ्या गटाने दाखवले की त्या मोजणीत वापरलेली साधने मायोस्टॅटिन या स्नायूंची वाढ रोखणाऱ्या घटकालाही ओळखतात; या दोन घटकांच्या परिपक्व रूपांत सुमारे 90 टक्के साम्य आहे. त्यावर पहिल्या बाजूचे उत्तर असे आले की दुसऱ्या गटाने जीडीएफ-11 कुळाचा मानलेला 25 किलोडाल्टनचा बँड इम्युनोग्लोब्युलिनच्या (रक्तातील अँटिबॉडीच्या) हलक्या साखळीचा दिसतो. दोन्हीकडे नामवंत प्रयोगशाळा होत्या, आणि वाद अखेर बँड कशाचा, यावर येऊन ठेपला.

कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांनी प्रमाणपत्राचा कागद पाहिला नव्हता हे खरे. मात्र 1960 साली त्यांच्या गटाने चेता-वाढघटकाविरुद्धच्या प्रतिसीरमची (अँटिबॉडी असलेल्या रक्तद्रवाची) पारख त्या घटकाच्या कार्यावरच केली होती: काचपात्रात त्याचा परिणाम थांबतो का, आणि नवजात उंदरांना टोचल्यावर अनुकंपी चेतागंडिकांचे (चेतापेशींच्या गाठींचे) काय होते. आजच्या कित्येक डेटाशीटपेक्षा (विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा) ही परीक्षा कडक होती.

आता टीजीएफ-बीटा-1 ची एक खोड सांगतो, जिच्यापुढे उत्तम अँटिबॉडीही हतबल ठरते. माणसाच्या आणि गायीच्या परिपक्व टीजीएफ-बीटा-1 ची 112 अमिनो आम्लांची साखळी तंतोतंत सारखी आहे. आपण पेशी वाढवतो त्या गर्भवासराच्या सीरममध्ये हा घटक मुख्यतः सुप्त अवस्थेत असतो. एलायझासाठी (अँटिबॉडी वापरून प्रथिनाचे प्रमाण मोजण्याच्या चाचणीसाठी) नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आणि नंतर सोडियम हायड्रॉक्साइडने ते उदासीन करून आपण सुप्त घटक मोकळा करतो, तेव्हा वासराचाही मोकळा होतो, आणि तो माणसाच्या पेशींनी स्रवला असे समजून आपण आलेख काढतो. यावरचा उपाय म्हणजे पेशी नसलेल्या बशीत तेच माध्यम, त्याच इन्क्यूबेटरमध्ये, तितकाच वेळ ठेवून मोजणे, आणि शक्य तिथे शेवटचा दिवस पेशी सीरमविना ठेवणे. याला वेगळे अनुदान लागत नाही. संदेशवहन पाहायचे असेल तर फॉस्फो-स्मॅड-2 चा (टीजीएफ-बीटाचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनाच्या सक्रिय रूपाचा) ब्लॉट करताना एका लेनला (जेलच्या एका रकान्याला) टीजीएफ-बीटाच्या ग्राहीचा रोधक एसबी-431542 दिलेल्या पेशी घ्याव्यात. टीजीएफ-बीटा देऊनही तिथे बँड कायम राहिला, तर तो या संदेशाचा आहे असे म्हणता येणार नाही.

राहिला आपल्या विद्यार्थिनीचा बँड. टीजीएफ-बीटा-1 चे परिपक्व रूप 25 किलोडाल्टनचे जोडप्रथिन असते आणि मरकॅप्टोइथेनॉल या रसायनाने जोड तुटल्यावर ते साधारण 12.5 ला दिसते. न कापले गेलेले पूर्वरूप 390 अमिनो आम्लांचे असल्याने 50 च्या आसपास बँड येणे अशक्य नाही. परंतु आपण लिहिल्याप्रमाणे प्राथमिक अँटिबॉडी (प्रथिनाला थेट चिकटणारी) उंदराचीच मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशापासून बनवलेली, आहे, नमुनाही उंदराचा आहे, आणि मूत्रपिंडात रक्त राहतेच. त्या रक्तातील आयजीजीची जड साखळी नेमकी 50 किलोडाल्टनच्या आसपास धावते, आणि उंदराच्या आयजीजीविरुद्धची दुय्यम अँटिबॉडी (प्राथमिक अँटिबॉडीला पकडून बँड दाखवणारी) तिला इमानेइतबारे पकडते. एकच आणि ठळक बँड दिसण्याचे हे कारण मला पूर्वरूपापेक्षा अधिक संभवनीय वाटते.

उरलेल्या लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या द्रवावर) विद्यार्थिनीला हे सहज तपासता येईल. एका पट्टीवर प्राथमिक अँटिबॉडी न घालता फक्त दुय्यम घालावी. बँड तरीही दिसला, तर त्याचा टीजीएफ-बीटाशी संबंध जोडता येत नाही. दुसरी लेन मरकॅप्टोइथेनॉलविना धावू द्यावी, कारण बँड आयजीजीचा असेल तर तो 50 वरून 150 च्या बाजूला सरकेल. शेजारी तुलनेसाठी थोडे पुनःसंयोजित (प्रयोगशाळेत जनुकापासून बनवलेले) टीजीएफ-बीटा-1 असावे आणि जेल 15 टक्क्यांचे घ्यावे, कारण 10 टक्क्यांच्या जेलमधून 12.5 चा बँड बहुधा रंगाच्या रेषेबरोबरच बाहेर गेला असेल. निकाल आल्यावर दोन्ही ब्लॉटची छायाचित्रे मार्करच्या लेनसह, न कापता येथे टाकावीत, ही विनंती.