एक ना धड, भाराभर सुटे भाग

इलेक्ट्रिक बेसच्या, म्हणजे खर्जात वाजणाऱ्या गिटारीच्या, सुट्या भागांच्या दुनियेत 'स्टँडर्ड' नसलेलं असं काही नसतंच. बॉडी स्टँडर्ड, नेक (गिटारीची लांब मान) स्टँडर्ड, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) स्टँडर्ड. पिकअप (तारांची थरथर पकडणारी, वेटोळी गुंडाळलेली चुंबकं) तर इतके स्टँडर्ड की त्यांच्या खोक्यावर ते दोनदा छापलेलं. अडचण एवढीच, की प्रत्येकाचं स्टँडर्ड त्याचं स्वतःचं असतं आणि त्याबाबत त्याचं बाकीच्यांशी काहीही बोलणं झालेलं नसतं. घरी इलेक्ट्रिक बेस जोडायला घेतला की या मंडळींची पहिली भेट आपल्या टेबलावर होते. मध्यस्थीला आपण, हातात कानस घेऊन.

याचं सगळं खापर मी लिओ फेंडरवर फोडतो. हा गृहस्थ मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, तरीही (की म्हणूनच?) १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर बेस वाजवायचा म्हणजे माणसाहून उंच डबल बेस मिठीत घेऊन उभं राहायचं. फेंडरने नेक बॉडीला सरळ चार स्क्रूंनी आवळून टाकली. अस्सल दुरुस्तीवाल्याचं डोकं ते: बिघडली तर सोडवा, दुसरी लावा. त्या चार स्क्रूंनीच आमच्यासारख्यांच्या डोक्यात भरवलं, की एकाची नेक आणि दुसऱ्याची बॉडी असा संसार चालतो. नेक सरसाने कायमची चिकटवायची जुनी रीत त्याने पाळली असती, तर आमच्या घरात आज शांतता नांदत असती.

त्यात उदाहरणं अशी एकेक की माणूस पेटून उठावा. 'क्वीन' बँडचा गिटारवाला ब्रायन मे. त्याने वडिलांच्या मदतीने १९६३ मध्ये घरीच गिटार करायला घेतली. नेकसाठी शेकोटीच्या जुन्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, आणि फ्रेटबोर्डावरच्या (नेकवर बोटं दाबायच्या पट्टीवरच्या) खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. त्याच बँडचा बेसवाला जॉन डीकन. त्याने कचऱ्यात पडलेलं एक सर्किट उचललं, लहानशा स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि त्याचा ॲम्प केला. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तीन गिटारींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जुळवली आणि वर्षानुवर्षं वाजवली. हे सगळं खरं आहे. फक्त सांगणारे पुढचं सांगत नाहीत, की मेचे वडील इलेक्ट्रॉनिक्समधले अभियंते होते, मेने स्वतः पुढे खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली आणि डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर होता. मला फ्यूज बदलता येतो.

"तयार का नाही घेतला?" हा प्रश्न घरात सगळ्यांनी आपापल्या परीने विचारून झाला. आईने तो विचारला नाही. तिने टेबलावरचा पसारा बघितला आणि म्हणाली, "एवढं सगळं करून चारच तारा?"

खरी मारामारी होती इंच आणि मिलिमीटरची. बेस जन्मला इंचांत. पुढे त्याचे भाग जगभर बनायला लागले ते मिलिमीटरमध्ये, आणि रूपांतर करताना प्रत्येकाने आपल्या सोयीने आकडे गुळगुळीत केले. माझ्या नेकची टाच २.५ इंच रुंद, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. ती जिथे बसायची, तो बॉडीतला खाचा नेमका ६३. अर्धा मिलिमीटर ही काय गोष्ट आहे, असं ज्याला वाटतं त्याने एकदा नेक हातात घेऊन दाबून बघावी. ती अर्ध्यापर्यंत आनंदाने आत येते, मग एका कोपऱ्यावर थबकते आणि आपल्याकडे बघत बसते.

मग पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि खाच्याची भिंत घासायची. चार घासे इकडे, चार तिकडे, फुंकर, नेक लावून बघायची, काढायची, पुन्हा घासायचं. जास्त घासलं तर नेक डुगडुगणार, कमी घासलं तर कोपऱ्याचा रंग टवका काढून उडणार. लाकडाची ती बारीक धूळ घरभर जाते. कुठे जात नाही ते विचारा. चष्म्याच्या घरात सापडली, बंद कपाटातल्या टॉवेलांत सापडली. (लाकडाच्या जातीने इलेक्ट्रिक बेसचा आवाज बदलतो की नाही, यावर मी बोलणार नाही. त्या वादात शिरलेली माणसं जेवायलासुद्धा उठत नाहीत.)

नेक एकदाची बसली, तर तारा फ्रेटबोर्डापासून इतक्या उंच की खालून बोट आरपार जावं. नेक खाच्यात थोडी तिरकी करायला हवी होती. त्यावरचा उपाय ऐकून मला वाटलं कोणी थट्टा करतंय: टाचेखाली एका कडेला जाड कागदाची चकती सरकवायची. पण फेंडरच्या कारखान्यातसुद्धा नेकखाली अशा पट्ट्या घालत असत. निमंत्रणपत्रिकेच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापून आत सरकवली, स्क्रू आवळले, आणि तारा शहाण्यासारख्या खाली आल्या. उरलेल्या पट्ट्या कापून ठेवल्या. लागतात.

ब्रिजच्या बाबतीत मात्र कुणाचंच काही चालत नाही. तिथे पुठ्ठा नाही, कानस नाही, गोड बोलणं नाही. लांब स्केलच्या बेसवर तारेची वाजणारी लांबी ३४ इंच. नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) १७ आणि तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पुन्हा १७. वर जाड तारेला थोडं जास्त मागे सरकावं लागतं. हे चुकलं तर वरचे सगळे स्वर बेसूर, आणि ते कुठल्याही खुंट्या पिळून सुधारत नाहीत. माझ्या बॉडीवर आधीच्या ब्रिजची भोकं होती. ती नव्या ब्रिजच्या भोकांच्या इतकी जवळ, की ड्रिलचं टोक दर वेळी घसरून जुन्या भोकात जायचं. ती लाकडी काड्या आणि फेव्हिकॉलने बुजवली. मग आईच्या डब्यातलं काळ्या दोऱ्याचं रीळ आणून नटच्या दोन्ही टोकांपासून ब्रिजपर्यंत दोरे ताणले. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डाच्या कडांपासून सारख्या अंतरावर दिसायला हवेत. एका डोळ्याने बघितलं तर दिसत होते. दुसऱ्याने नव्हते.

"नाचता येईना अंगण वाकडं" हे मलाही ऐकवून झालं. पण इथे अंगण खरोखर वाकडं होतं. चारही तारा ताणल्या की नेकवर सत्तर-ऐंशी किलोंचा ओढा पडतो आणि ती पुढे झुकते. तिला मागे खेचायला आतून लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती फिरवायची षटकोनी चावी ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. घरातल्या चाव्यांच्या जुडग्यात ४.५ ची होती, ती आत गरागरा फिरत होती. ५ ची होती, ती आत जात नव्हती. या दोन चाव्यांच्या मधली चावी जिच्याकडे आहे अशी व्यक्ती शोधणं हे बेस बनवण्यातलं सगळ्यात सामाजिक काम.

रंगाबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. फवारा मारला, वाळत ठेवला. दुसऱ्या थरावर एक डास बसला. तिसऱ्या थराने त्याला कायमचं सामावून घेतलं.

आता वायरिंग. दोन व्हॉल्यूम, एक टोन, एक ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढंच. कागदावर हे सर्किट इतकं निरागस दिसतं. प्रत्यक्षात अर्थिंगच्या वायरी पॉटच्या (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) पाठीला डकवायच्या असतात, आणि ती पाठ म्हणजे थंड पत्रा. लहान सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता तो पत्रा पिऊन टाकतो. शिशाचा एक चकचकीत मणी तयार होतो, पाठीवरून घरंगळतो आणि आपल्या पायजम्यावर येऊन विसावतो. पत्रा आधी खरवडायचा, आयर्न मोठं घ्यायचं. मग बसतो.

नॉब माझ्याकडे पाव इंचाच्या दांड्याचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. पॉट ६ मिलिमीटरचे आणि त्यांचा दांडा मधोमध चिरलेला. बाजूचा छोटा स्क्रू आवळला की चीर मिटते आणि नॉब एका कुशीवर कलतो. टोन फिरवला की टोन कमी हलतो, नॉब जास्त.

पिकअप दोन, दोन वेगळ्या जातकुळींचे. एकेकटे वाजवले तर उत्तम: पहिला गुबगुबीत, दुसरा कडक. दोन्ही एकत्र सुरू केले आणि बेसमधला बेसच गायब. टेलिफोनमधून यावा तसा किनरा आवाज. कारण असं, की एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि दोघे मिळून एकमेकांना खोडतात. उपाय सोपा: एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल. केली. आवाज भरभरून आला आणि सोबत गुणगुणही भरभरून आली. जोडी नीट हवी असेल तर एका पिकअपचं चुंबक आणि वेटोळ्यांची दिशा, दोन्ही दुसऱ्याच्या उलट असावी लागतात. मग आवाज मिळतो आणि गुणगुण खोडली जाते. माझ्या दोघांची चुंबकं एकाच दिशेला तोंड करून बसलेली. त्यामुळे निवड अशी, की एकतर आवाज घ्या, नाहीतर शांतता. घरच्यांचं मत विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

गुणगुणीतही एक मजा आहे. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा, आणि वीज ५० हर्ट्झची असेल तर तिची गुणगुण त्या जीच्या अगदी शेजारी. म्हणजे गाणं जी मध्ये असेल तर बेस न वाजवताही साथ चालू राहते. ज्यांची वीज ६० हर्ट्झची, ते बिचारे बी फ्लॅट आणि बीच्या मध्ये लोंबकळत असणार. तारांना हात लावला की गुणगुण बरीच कमी होते, कारण ब्रिजखालून अर्थिंगची वायर गेलेली असते. थोडक्यात, हात काढायचा नाही.

अखेर तो वाजला. चारही तारा सुरात, बाराव्या फ्रेटपर्यंत आणि पुढेही. फक्त मोकळी ए तार छेडली की कुठूनतरी झर्र. बाकी कुठल्याही स्वराला नाही, फक्त ए. सॅडल वर केलं, झर्र. ट्रस रॉड पाव वळसा सैल केला, झर्र. नटच्या खाचेखाली कागद घातला, खुंट्यांचे स्क्रू आवळले, पिकअप खाली दाबले, कललेला नॉब काढूनच टाकला. झर्र. ॲम्पचा आवाज कमी केला की झर्रही कमी, म्हणजे बेसवरचा आरोप पक्का. फ्रेट एकेक करून पट्टीखाली तपासायला मी बेस पुन्हा टेबलावर आडवा घातला.

आई उठली. टेबलावरची पुठ्ठ्याची एक पट्टी उचलली, शोकेसच्या सरकत्या काचेच्या फटीत खोचली आणि म्हणाली, "आता वाजव."

वाजवला. काही नाही.

"मी मघापासून सांगणार होते," ती म्हणाली, "पण त्या आवाजात तुला ऐकू कुठे जातंय."