प्रिंटरची केबल लावली की गाणं उतरतं? नाही ना भो

लगीनसराईच्या तोंडावर जळगाव-धुळ्याकडच्या वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, घरी बसून अहिराणी गाणी करणारी पोरं, सगळ्यांपर्यंत पोचलाय. त्यात सांगितलंय ते असं: कीबोर्डला मागून प्रिंटरची केबल लावा, वाजवलेलं जसंच्या तसं एमपीथ्री होऊन कॉम्प्युटरमध्ये येतं. हेडफोनच्या भोकातून घेऊ नका, लॅपटॉप जळतो. मिडी फाईल कुठंही लावा, सेम वाजते. आवाज उशिरा येत असेल तर लॅपटॉप बदला. आणि गोल पाच पिनवाला जुना कीबोर्ड असेल तर एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, त्याला कॉम्प्युटर जमत नाही.

आता एकेक घेऊ.

केबलचं अर्धं खरंय. चौकोनी तोंडाची तीच केबल लागते, 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेल्या जागी. पण बहुतेक कीबोर्डमधून त्या केबलने आवाज येतच नाही, मिडी येतं. म्हणजे कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, बस. मधला सी म्हणजे 60 नंबर, जोर 1 ते 127, असले आकडे. कागदावरच्या स्वरलिपीसारखंच ते, कागद कानाला लावून काही ऐकू येणार नाही. साईज बघा ना, सीडी क्वालिटीची वेव फाईल मिनिटाला साधारण 10 एमबी जाते आणि मिडीचं अख्खं गाणं काही केबीत बसतं, तेवढ्यात तुमची सनई कुठून मावणार? काही नव्या मॉडेलमध्ये त्याच केबलने ऑडिओपण जातो, पण मॅन्युअलमध्ये 'यूएसबी ऑडिओ' स्पष्ट लिहिलं असेल तरच. नाहीतर होतं काय, पोरं ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर उघडतात, रेकॉर्ड दाबतात, झकास वाजवतात, आणि मागून ऐकलं तर लॅपटॉपच्या माइकने पंखा आणि घरातल्या कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड केलेल्या. ऑडॅसिटीला मिडी रेकॉर्डच करता येत नाही. त्याला रीपर, केकवॉक असं काहीतरी लागतं.

हेडफोनच्या भोकाने लॅपटॉप जळतो ही नुसती भीती आहे. खरा त्रास वेगळा, आवाज फाटतो. माइकचं इनपुट काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेलं असतं, हेडफोनचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा, मग फाटणारच. शिवाय लॅपटॉपला एकच भोक असतं, त्यातला माइक मोनो, म्हणजे स्टिरिओपण गेला. डेस्कटॉपच्या मागे निळं लाईन-इन असेल तर तिथं लावा, कीबोर्डचा व्हॉल्यूम निम्म्याच्या आसपास ठेवा, चांगलं काम होतं. लॅपटॉपच असेल तर छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड. घूं घूं आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो. आणि हो, हेडफोनला पिन लावली की कीबोर्डचे स्पीकर बंद होतात, लगेच "आवाज कथा गया?" करत दुकानात पळू नका.

मिडी सगळीकडे सेम वाजते, ही या मेसेजमधली सगळ्यात मोठी थाप, आणि आपल्याकडच्या गाण्यांना तिचाच सगळ्यात जास्त फटका. 1991 ला जनरल मिडी आलं, म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरलेली यादी, त्यात 128 वाद्यांचे नंबर ठरले आणि ड्रमसेट 10 नंबरच्या चॅनलवर. सितार आहे 105 ला, शहनाई 112 ला. तबला नाही, ढोलकी नाही. बँजो 106 ला आहे पण तो अमेरिकेतला, आपल्या वरातीत टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजतो तो नाही. म्हणून कीबोर्डवर ढोलकीत वाजवलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलं की भलत्याच ड्रमवर नाहीतर पियानोवर पडतं. मींडेचंही तसंच, पिच बेंडची (सूर वर-खाली ओढायच्या चाकाची) रेंज साधारण दोन सेमीटोन, म्हणजे दोन पट्ट्या, धरलेली असते, तुम्ही कीबोर्डवर ती वाढवून ठेवली असेल आणि तिकडे तशी नसेल तर सूर अर्ध्यातच अडकणार. आणि स्टाईलचा ठेका, म्हणजे कीबोर्ड आपोआप वाजवतो तो, तर बऱ्याच मॉडेलमध्ये मिडीतून बाहेर जातच नाही, तशी सेटिंग असते पण मुळात बंद असते.

मग मिडी टाकाऊ का? अजिबात नाही. केबल दोन्हीकडे चालते हे त्या मेसेजमध्ये कुठंच नाही. आधी मिडी घ्या, चुकलेला सूर कॉम्प्युटरवर नीट करा, काळी दोनमध्ये वाजवलंय आणि गाणाऱ्या ताईंना पांढरी चार लागतेय तर सगळं दोन पट्ट्या वर सरकवा (ठेक्याचा चॅनल सोडून हं, नाहीतर ढोलकीच्या जागी भलतंच काही वाजेल). मग तीच मिडी परत कीबोर्डला पाठवा, कीबोर्ड स्वतःच्या आवाजात वाजवेल, तेव्हा निळ्या भोकातून ऑडिओ घ्या. कानबाईच्या गाण्याला एकट्याने चार वाद्यं भरायची असतील तर एकेक ट्रॅक असाच करत जायचा.

उशिरा येणारा आवाज. यात लॅपटॉपचा दोष क्वचित, विंडोजच्या साध्या ड्रायव्हरचा (आवाजाचं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) जास्त. एएसआयओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर टाका, इंटरफेससोबत नसेल तर एएसआयओफोरऑल फुकट मिळतो, बफर, म्हणजे आवाजाचा साठवून ठेवलेला तुकडा, 256 सॅम्पलचा ठेवला तर 44.1 किलोहर्ट्झला तो जेमतेम 6 मिलिसेकंदांचा होतो, बाकीचा थोडा उशीर धरूनही हाताला फारसं जाणवत नाही. आणि एका पट्टीचे दोन आवाज येत असतील तर तो उशीरच नाही, एक आवाज कीबोर्डचा आणि एक सॉफ्टवेअरचा. कीबोर्डमध्ये 'लोकल कंट्रोल' ऑफ करा, मग पट्टी दाबून कीबोर्डचा स्वतःचा आवाज येत नाही. काम झालं की परत ऑन करा, नाहीतर कार्यक्रमात स्टेजवर कीबोर्ड मुका.

राहिला पाच पिनवाला. मिडी 1983 चं आहे, त्या वर्षी अमेरिकेतल्या नॅम शो या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) एकमेकांना जोडून दाखवले होते, आणि त्या काळातला कीबोर्ड आजच्या कॉम्प्युटरशी अजून बोलतो. जुन्या केबलवर एक सूर पोचायला साधारण 1 मिलिसेकंद लागतो, एवढंच. फक्त एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला पाच पिन असलेली यूएसबी-मिडी केबल घ्या, अगदी स्वस्तातली नको, त्यात मधूनमधून डेटा गळतो आणि एखादा सूर सुटायचंच विसरतो, नुसता रेंगाळत बसतो. जोडताना बहुतेक केबलींवर 'इन' लिहिलेली पिन कीबोर्डच्या 'आऊट'मध्ये जाते. उलटं लावून "बिघडलाय" म्हणत एक्स्चेंजला निघालेले कीबोर्ड कमी नाहीत.